शुल्ट्से आणि पाटील

ज्याचे फटाके दिवाळीत उडतात ते तेरखेडा धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात आहे. या मुलखातले पाटील पाहिले की मला जर्मन शुल्ट्से आठवतात. या आडनावाचे मूळ ‘शुल्टहाइस’. ‘शुल्ट’ म्हणजे देणे, ‘हाइसेन’ म्हणजे हुकूम करणे. लोकांना देणे भरायला लावणारा तो गावचा अधिकारी. शुल्त्स, शुल्टे, शोल्त्स ही त्याचीच रूपे.

आपला पाटीलही वसुलीचाच. परमार राजांच्या ताम्रपटांत तो ‘पट्टकिल’ म्हणून भेटतो. म्हणजे शब्द हजार वर्षांचा. निजामी अमलात माली पाटील साऱ्याचा, पोलीस पाटील बंदोबस्ताचा. हुद्द्याचा शिक्का एकाच्या हाती, पण वतनात भाऊबंदांचा वाटा. त्यामुळे सगळी भावकी पाटील झाली. वतन मराठ्याकडे, लिंगायताकडे, जैनाकडेही असे. म्हणून या आडनावावरून जात ओळखू पाहणारा हमखास फसतो. (तरी लोक ओळखू पाहतातच!) सोयरीक जुळवताना मात्र ‘पाटील, पण मूळचे कोण?’ हे विचारले जाते आणि झाकलेले जाधव, मोरे, शिंदे बाहेर येतात. सारा भरणाऱ्या कुणब्याच्या नावात त्याच्या देण्याची अशी खूण कुठेच उरली नाही, हे मला जास्त बोचते.

१९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे पद गेले. १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. आता कांबळे किंवा शेख आडनावाचा माणूसही गावचा पोलीस पाटील होतो, आणि शेजारचे पाटील दाखल्यासाठी त्याच्या दारात उभे राहतात.