पायाला थोडी जागा द्या

मागच्या रविवारी पानशेतच्या रस्त्यावर, खानापूरच्या थोडं पुढे, मी सायकल एका झाडाला टेकवली, बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर दहा मिनिटं बसून राहिलो. दम लागला नव्हता, पंक्चरही नव्हतं. डाव्या पायाच्या चवड्याखाली कुणीतरी उदबत्तीचे चटके देतंय असं वाटत होतं आणि शेवटची दोन बोटं जागेवर आहेत की नाहीत तेच कळत नव्हतं. गंमत म्हणजे बूट काढल्यावर पाच मिनिटांत सगळं ठीक. परत घातले, सात-आठ किलोमीटर गेलो की पुन्हा तेच.

सायकलवाले ह्याला 'हॉट फूट' म्हणतात. चवड्याच्या हाडांमधून बोटांकडे नसा जातात. खालून पेडलचा दाब आणि बाजूने बुटाची पकड, ह्यात त्या चिमटल्या जातात. शिवाय उन्हात दोन तास गेले की पाय थोडा सुजतो. बूट काही सुजत नाही!

आमच्या ग्रुपमध्ये ह्यावर एकच औषध सांगतात: "कडक सोलचे बूट घे आणि पट्टा आवळ." मीही शहाण्यासारखा एका महिन्याच्या पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून कार्बन सोलचे बूट घेतले. चवडा अजून जास्त जळायला लागला. मधले दोन रविवार तर सायकल विकून टाकावी असंच डोक्यात होतं. मग म्हटलं, बग सापडत नसेल तर आपण काय करतो? कोड आधी कसा होता, कुणी कधी काय बदललं ते बघतो. तेच इथे करून बघू. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय.

सुरुवात पॅरिसमध्ये, १८६० च्या दशकात. पिएर मिशोच्या कारखान्यात पुढच्या चाकालाच पेडल लावलेल्या सायकली बनू लागल्या. लाकडी चाकं, त्यावर लोखंडी धाव आणि खाली दगडी रस्ते. इंग्रजांनी तिला 'बोनशेकर' म्हटलं, म्हणजे हाडं खिळखिळी करणारी. पण पायाला एक सुख होतं. तो पेडलवर नुसता ठेवलेला असायचा. बूट रोजचेच, हवा तसा पाय हलवा.

१८८५ मध्ये साखळीवर चालणारी 'रोव्हर' आली, १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, वेग वाढला आणि शर्यती लांबल्या. १९०३ च्या पहिल्या टूर द फ्रान्सचा पहिला टप्पा पॅरिस ते लियाँ असा ४६७ किलोमीटरचा होता. मॉरिस गारँने तो पावणेअठरा तासांत जिंकला. अशा शर्यतीत पेडलवरून पाय सटकणं परवडण्यासारखं नव्हतं. त्यामुळे पाय बांधायची पद्धत रुळली. पुढे धातूची टो-क्लिप, तिच्यातून ओवलेला चामड्याचा पट्टा आणि बुटाच्या तळाला खाच असलेली क्लीट. ती खाच पेडलच्या कडेवर बसायची. पट्टा हाताने आवळायचा, उतरायच्या आधी वाकून सैल करायचा. विसरलात तर सिग्नलला सायकलसकट आडवे. विसाव्या शतकातली बहुतेक सायकल शर्यत अशा बांधलेल्या पायांनी झाली आहे.

ह्या काळातली एक गोष्ट मला फार आवडली. तेव्हा क्लीट बुटाला खिळ्यांनी ठोकायचे. पण कुठे ठोकायची? त्यासाठी नवे बूट आधी क्लीटशिवायच काही दिवस वापरायचे. पेडलचा वळ सोलवर उमटायचा. त्या वळावर क्लीट ठोकायची. म्हणजे पाय कुठे, कसा बसणार हे पायालाच ठरवू द्यायचं. ना लेझर, ना अॅप. पट्टा चुकीचा असेल, पण ही पद्धत शहाणपणाची होती.

पट्ट्याचा जाच संपवायचा पहिला नावाजलेला प्रयत्न इटलीच्या चिनेली कंपनीचा, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा. एम-७१ नावाच्या पेडलमध्ये बूट थेट अडकायचा, पण सोडवायला वाकून हातानेच खटका सरकवावा लागायचा. म्हणजे जुनंच दुखणं, नव्या पॅकिंगमध्ये.

खरा बदल बर्फावरून आला. फ्रान्समधली 'लूक' ही कंपनी स्कीची बाइंडिंग बनवायची. स्कीच्या बाइंडिंगने बूट घट्ट धरायला हवा, पण माणूस पडला तर सोडायलाही हवा, नाहीतर पाय मोडतो. हेच डोकं त्यांनी सायकलला लावलं आणि १९८४ मध्ये नवं पेडल आणलं. टाच बाहेर फिरवली की पाय मोकळा, हात लावायची गरज नाही. १९८५ मध्ये बर्नार इनोने ह्याच पेडलवर आपली पाचवी टूर जिंकली. (इनोच्या टीमचा आणि लूकचा मालक एकच, बर्नार तापी! मार्केटिंग म्हणजे काय ते बघा.) ह्या पेडलांना 'क्लिपलेस' म्हणतात, कारण टो-क्लिप गेली. बूट मात्र त्यात 'क्लिप' करतात. नावं ठेवण्यात आपलंच क्षेत्र वाईट आहे असं मला वाटायचं, तो गैरसमज दूर झाला.

पट्टा गेला आणि बोटं सुटली. पण सुरुवातीच्या ह्या क्लीटमध्ये पाय इतका पक्का बसायचा की टाचेला डावी-उजवीकडे जरासुद्धा हलता येत नसे. गुडघा मात्र प्रत्येक फेरीत थोडा वळतोच. मिनिटाला नव्वद फेऱ्या धरल्या तर तासाला ५४००. दुखणं बोटांतून गुडघ्यात गेलं. मग 'फ्लोट' आला, म्हणजे मुद्दाम ठेवलेली ढिलाई. आज लूकच्या क्लीट तीन रंगांत मिळतात: काळी ० अंश, करडी ४.५, लाल ९. पुढे १९९० मध्ये शिमानोने एसपीडी आणलं. त्यात लहानशी क्लीट सोलच्या खोबणीत लपते, त्यामुळे चालताही येतं. चहाच्या टपरीपर्यंत बदकासारखं जायची वेळ टळली.

इंजिनिअरिंगला आम्हाला 'फिट्स अँड टॉलरन्सेस' होतं. दोन भाग एकत्र चालायचे असतील तर त्यांच्यात फट ठेवावी लागते. हे मार्कांपुरतं पाठ केलं होतं. ह्या दीडशे वर्षांच्या गोष्टीत ते आत्ता कळलं. वेगासाठी प्रत्येक वेळी पाय अजून घट्ट धरला गेला. पायाला आराम मिळाला तो मात्र कुणीतरी काहीतरी सैल केलं तेव्हाच.

आणि घट्टपणाचा फायदा तरी किती? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कार्बन सोलच्या बुटात चवड्यावरचा कमाल दाब प्लास्टिक सोलपेक्षा जास्त भरला. २००७ च्या दुसऱ्या अभ्यासात, पेडल मुद्दाम वर ओढणाऱ्यांची कार्यक्षमता नेहमीसारखं चालवणाऱ्यांपेक्षा कमी निघाली. आणि पाय बांधायचं मोठं कारण म्हणून तर हेच वर ओढणं सांगतात! अमेरिकेतले सायकल बनवणारे ग्रँट पीटरसन ह्यांनी २०१२ च्या 'जस्ट राइड' ह्या पुस्तकात सरळ साधे बूट आणि सपाट पेडल वापरा असं सांगितलं आहे. मी अजून तेवढ्या टोकाला गेलेलो नाही. चढावर पाय अडकलेला असला की मला बरं वाटतं.

मग मी काय केलं? कार्बनचे बूट मित्राला दिले (त्याचा पाय अरुंद आहे, तो खूश). संध्याकाळी, पाय दिवसभराने थोडे फुगलेले असताना, पुढून रुंद बूट घेतले. क्लीट पाच मिलिमीटर टाचेकडे सरकवली, म्हणजे भार बरोबर चवड्याच्या गादीवर येत नाही. मोजे पातळ घातले. आणि पुढचा पट्टा इतका ढिला ठेवला की बोटं हलवता येतात.

काल परत पानशेतला जाऊन आलो. खानापूरच्या त्या झाडापाशी थांबलो नाही. परतीला शेवटच्या काही किलोमीटरमध्ये थोडी आग झालीच, पण बोटं शेवटपर्यंत जागेवर होती. तुमचंही असं होत असेल तर पट्टा आवळायच्या आधी एकदा सैल करून बघा. आणि बूट काढल्यावरही बधिरपणा जात नसेल तर माझ्यासारखं इतिहास वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा :-)