दूध पिणारा बत्ता

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काहीतरी लिहा, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला. मी काही लेखक नाही, गिरणीतला माणूस. डोळ्यांनी पाहिलेला इतिहास तेवढा सांगतो.

21 सप्टेंबर 1995, गुरुवार. पितृपंधरवडा चालू होता. पहाटे दिल्लीच्या एका मंदिरात गणपती दूध प्याला अशी हूल उठली आणि टेलिफोनवरून दुपारपर्यंत ती देशभर, थेट लंडनच्या साउथहॉलमधल्या मंदिरापर्यंत गेली. पहिली पाळी करून मी चाळीत आलो तर नाक्यावर ही रांग! आणि रांगेत कोण? आमची आई. हातात वाटी-चमचा. बहिणीच्या तान्ह्या पोरीसाठी आणलेलं पाव लिटर दूध त्या वाटीत.

बंधू-भगिनींनो, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्या आईला तोंडपाठ. गणपतीचं नाव त्यातल्या तिसऱ्या प्रतिज्ञेतच आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "पूजा कुठं करतेय रं? नुसतं बघून येते." ती एकटी नव्हती. आपली बरीच माणसं त्या दिवशी "नुसतं बघायला" गेली होती, हे कबूल केलं पाहिजे.

आणखी एक गंमत बघा. एकाच चमच्याने दहा जण पाजत होते, विटाळ कुणालाच आठवला नाही. याच मुंबईत धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून उष्ट्याचं कारण सांगून आपल्या लोकांना साचाखात्यात घेत नव्हते. पगार तिथे जास्त होता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

असो. आईला घरी आणलं. भांडण केलं नाही. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता पालथा उभा केला, ओला केला, चमचा काठोकाठ भरून त्याच्या कडेला टेकवला. बत्ता दूध प्याला! म्हणजे काय झालं? द्रवाच्या पृष्ठभागाला ताण असतो, त्यामुळे काठावर दूध फुगून राहतं. ओला दगड किंवा लोखंड त्याला टेकलं की दूध तिकडे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर ते कळत नाही, आमच्या काळ्या बत्त्यावर पांढरी रेघ स्वच्छ दिसली. दिल्लीत सरकारच्या विज्ञान प्रसार परिषदेच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून हेच लोकांना दाखवलं. आई बराच वेळ बत्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोरीचं दूध गेलं की रं."

पण हूल एकदा येऊन थांबत नाही. 18 ऑगस्ट 2006 च्या रात्री माहीमला समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली. सगळ्या जातीधर्माची माणसं बाटल्या घेऊन धावली, लेकरांना पाजलं. पाऊस भरपूर झालेला, मिठी नदीचं पाणी माहीमच्या खाडीत उतरलेलं. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. त्या मिठीत काय काय सोडतात हे मुंबईकराला सांगायला नको. पालिका पिऊ नका म्हणून ओरडत होती, ऐकतो कोण!

दोनच दिवसांत गणपती पुन्हा दूध प्यायला लागला. शेजारच्या बायका आईला बोलवायला आल्या. तिने बत्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला, म्हणाली, "आधी ह्याला पाजा." मला काय आनंद झाला! बायका गेल्या आणि माझं लक्ष भिंतीकडे गेलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली माहीमच्या पाण्याची बाटली.

"आये, आणि ही गं?"

ती काही बोलली नाही. बाटली उचलली आणि मोरीत ओतली.