क्लिक होणाऱ्या पानाची कुळकथा

दिवाळी अंकाची पीडीएफ फोनवर येते. अनुक्रमणिकेत कथेचं नाव निळ्या अक्षरांत असतं, खाली रेघही असते. त्यावर बोट टेकवलं तरी पान जागचं हलत नाही. मांडणी करणाऱ्या ऑपरेटरने दुवा जोडलेला असतो, संपादकाने आपल्या संगणकावर तो चालवूनही पाहिलेला असतो. वाचकाच्या हाती पोचेपर्यंत तो गळून पडलेला असतो. दोष शोधायला गेलं तर एक्स्पोर्टच्या खिडकीत टिक करायचा राहून गेलेला एक चौकोन सापडतो. तो चौकोन मुळात तिथे का आहे आणि कोरा का असतो, हे समजून घ्यायला मात्र अनेक दशकं मागे जावं लागतं. मांडलेलं पान आणि दुवा ही दोन वेगळ्या घराण्यांतली अपत्यं, आणि त्यांची सोयरीक बरीच उशिरा जमली.

दुव्याचं घराणं थोरलं. व्हॅनेव्हर बुश या अमेरिकी अभियंत्याने जुलै १९४५ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकात एका यंत्राची कल्पना मांडली: मायक्रोफिल्मवर साठवलेल्या कागदपत्रांतून वाचकाने स्वतःच्या वाटा पाडाव्यात, एका कागदावरून थेट दुसऱ्यावर जावं. १९६५ मध्ये टेड नेल्सन यांनी अशा मजकुराला हायपरटेक्स्ट म्हटलं. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी माउस हातात धरून पडद्यावरच्या शब्दातून दुसरा मजकूर उघडून दाखवला. या मंडळींना कागदाच्या पानाशी काही कर्तव्य नव्हतं. नेल्सन तर पडद्यावर कागदाची नक्कल करण्याच्या कल्पनेवर वर्षानुवर्षं टीका करत आले.

मांडलेलं पान छपाईच्या घरातलं. पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के छपाईयंत्राला पानाचं वर्णन सांगणाऱ्या भाषेवर काम करत होते. झेरॉक्स ती बाजारात आणायची चिन्हं दिसेनात, तेव्हा दोघे बाहेर पडले आणि डिसेंबर १९८२ मध्ये त्यांनी अडोबी ही कंपनी काढली. नाव वॉर्नॉक यांच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचं. १९८४ मध्ये त्यांची पोस्टस्क्रिप्ट भाषा आली. १९८५ मध्ये ती समजणारा, इंचाला ३०० ठिपके उमटवणारा ॲपलचा लेझररायटर आला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीचं पेजमेकर हे पानं मांडण्याचं सॉफ्टवेअर. डेस्कटॉप पब्लिशिंग हे नाव रूढ केलं तेही ब्रेनर्ड यांनीच.

पोस्टस्क्रिप्टकडे नीट पाहायला हवं, कारण पुढची सगळी अडचण तिच्या स्वभावात आहे. पोस्टस्क्रिप्टची फाइल म्हणजे पानाचं चित्र नव्हे, ते चित्र काढण्याचा प्रोग्रॅम. त्यात व्याख्या असतात, फेरे असतात, ‘हे आठ वेळा कर’ अशा आज्ञा असतात. छपाईयंत्र तो प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून चालवतं आणि पानं एकामागून एक बाहेर टाकतं. पन्नासावं पान हवं असेल, तर आधीच्या एकोणपन्नास पानांत काय ठरलं होतं हे कळल्याशिवाय ते नेमकं कसं दिसेल याची खात्री नसते. कागदासाठी हे ठीक आहे. दुव्याला मात्र नेमकं पन्नासाव्या पानावर, तेही तत्काळ, उडी मारायची असते. पोस्टस्क्रिप्टमध्ये उडी मारायला जागाच नव्हती.

वाट निघाली ती एका कंटाळवाण्या कागदातून. वॉर्नॉक यांनी अमेरिकेच्या प्राप्तिकराचा फॉर्म पोस्टस्क्रिप्टमध्ये हाताने लिहिला होता. दिसायला सुरेख, पण छापायला फार वेळ घेणारा. त्यांनी युक्ती केली: चित्र काढणाऱ्या आज्ञांच्या व्याख्या बदलून टाकल्या, म्हणजे प्रोग्रॅम चालला की कागदावर काही न उमटता फक्त शेवटच्या, सरळसोट आज्ञांची यादी तयार व्हायची. ‘इथे रेघ, इथे अक्षर, इथे चौकट.’ फेरे संपलेले, हिशेब झालेले. ही यादी झपाट्याने छापली जायची. १९९१ च्या सुमारास वॉर्नॉक यांनी ‘कॅमलॉट’ नावाचं टिपण लिहिलं, तेव्हा हीच युक्ती त्याच्या मुळाशी होती. कुठल्याही संगणकावर तयार झालेला दस्तऐवज कुठल्याही पडद्यावर पाहता यावा आणि कुठल्याही यंत्रावर छापता यावा, एवढं त्याचं उद्दिष्ट. जून १९९३ मध्ये अडोबीच्या ॲक्रोबॅट या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती बाजारात आली आणि तिच्यासोबत पीडीएफ. नुसतं वाचण्याचं सॉफ्टवेअरसुद्धा तेव्हा ५० डॉलरला विकत मिळायचं आणि पोस्टस्क्रिप्टची पीडीएफ करणाऱ्या डिस्टिलरसाठी ६९५ डॉलर पडायचे. एवढे पैसे मोजून दुसऱ्याचं पत्रक कोण वाचणार? वाचण्याचं सॉफ्टवेअर फुकट झालं तेव्हाच पीडीएफ चालू लागली.

पीडीएफमध्ये छोटी पण मोलाची भर होती ती फाइलच्या शेवटी असलेल्या तक्त्याची. फाइलमधली प्रत्येक वस्तू, म्हणजे पान, फाँट, चित्र, सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे याची तो नोंद ठेवतो. वाचणारं सॉफ्टवेअर आधी शेवट पाहतं, तिथून तक्ता गाठतं आणि हवं ते पान थेट उचलतं. आता उडी मारायला जागा झाली, आणि पहिल्याच आवृत्तीपासून पीडीएफला अंतर्गत दुवे आणि बुकमार्क मिळाले.

हा दुवा पानावर कसा बसवला हे पाहण्यासारखं आहे. पानाचा डावीकडचा खालचा कोपरा म्हणजे शून्य. तिथून इंचाला ७२ एककं मोजायची. ए-४ पान त्या हिशेबाने साधारण ५९५ रुंद आणि ८४२ उंच. दुव्याच्या नोंदीत चार आकडे असतात. समजा ७२, ६००, ३००, ६१८: डावीकडून एक इंच आत, खालून ६०० एककांवर, पाव इंच उंचीचा एक आडवा आयत. आयतासोबत क्लिक झाल्यावर काय करायचं तेही लिहिलेलं असतं. एवढंच. आयताच्या खाली ‘कथा’ लिहिलंय की ‘जाहिरात’, की काहीच नाही, याचा त्याला पत्ता नसतो. अक्षरांचा निळा रंग वेगळा, खालची रेघ वेगळी, आयत वेगळा. ही नोंद पानाच्या मजकुरात नसतेच. मागाहून लावलेल्या टाचणांच्या यादीत असते. म्हणून निळं दिसणारं नाव निर्जीव असू शकतं आणि कोऱ्या जागेवर बोट टेकवलं तर पान उघडू शकतं. वेबच्या पानात दुवा शब्दांभोवती गुंफलेला असतो, शब्द सरकले की तोही सरकतो. पीडीएफमधला आयत जिथे ठेवला तिथेच राहतो.

वेबही त्याच काळातली. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न इथे पहिला ब्राउझर लिहिला तो नेक्स्ट संगणकावर, आणि त्या संगणकाचा पडदा रंगवण्याचं काम पोस्टस्क्रिप्टचीच एक आवृत्ती करायची. दोन्ही घराणी तेव्हा एकाच यंत्रात नांदत होती, पण बोलणं नव्हतं. ते सुरू झालं १९९४ मध्ये: ॲक्रोबॅटची दुसरी आवृत्ती आली आणि आयत फाइलच्या बाहेर बोट दाखवू लागला. १९९६ च्या तिसऱ्या आवृत्तीने पीडीएफ ब्राउझरच्या खिडकीत उघडली. सगळी फाइल उतरेपर्यंत थांबायची गरज उरली नाही. सर्व्हरकडून हवे तेवढेच बाइट मागवून आधी पहिलं पान दाखवता येऊ लागलं. डायल-अपच्या काळात ही फार मोठी सोय होती.

खरा पेच पेजमेकर आणि पीडीएफ यांच्या मधल्या रस्त्यावर होता. मांडणी पेजमेकरमध्ये व्हायची, तिथून प्रिंटची आज्ञा देऊन पोस्टस्क्रिप्टची फाइल काढायची, ती डिस्टिलरमध्ये टाकायची, की पीडीएफ तयार. म्हणजे दस्तऐवज वाटेत एकदा कागद होऊन जायचा. कागदाला दुवा नसतो. छपाईयंत्राला ‘इथे क्लिक केल्यावर तिथे जा’ सांगून उपयोग काय? त्यामुळे त्या अरुंद दारातून अक्षरं जायची, चित्रं जायची, दुवे बाहेरच राहायचे. अडोबीने त्यावर पीडीएफमार्क नावाची आज्ञा काढली. पोस्टस्क्रिप्टच्या प्रवाहात ती मिसळून द्यायची. छपाईयंत्राने दुर्लक्ष करावं आणि डिस्टिलरने ती वाचून आयत बसवावा. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत हुशार तुकडा वाटतो. छपाईच्या भाषेला धक्का न लावता तिच्या पोटातून दुव्याचा निरोप पलीकडे पोचवला गेला. हौशी लोक त्या आज्ञा हाताने लिहायचे. पेजमेकरच्या ६.५ आवृत्तीत दुव्यांसाठी वेगळं पॅलेट आलं, पुढे इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्येही आलं, आणि पीडीएफ थेट एक्स्पोर्ट होऊ लागल्यावर कागदाचा वळसाच गेला. तरीही आज कोणी घाईत ‘प्रिंट टू पीडीएफ’ निवडतं तेव्हा दस्तऐवज त्याच जुन्या दारातून जातो आणि दुवे तिथेच पडतात.

पुण्या-मुंबईच्या डेस्कटॉप पब्लिशिंगच्या (डीटीपी) केंद्रांत त्या वळशाच्या काळात पेजमेकरच होतं, सोबत श्रीलिपी किंवा आकृतीसारखी मराठी सॉफ्टवेअरं. आउटपुट ट्रेसिंगवर काढायचं, त्यावरून प्लेट, मग ऑफसेट. मराठी फाँट तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरायचे: संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हंच असायची, फाँटमुळे ती देवनागरी दिसायची. अशा पीडीएफमधून परिच्छेद कॉपी केला की हाती अगम्य चिन्हांची रांग येते, शोध घेतला तर एक शब्द सापडत नाही. बुकमार्कची हीच गत, कारण बुकमार्कला फाँट नसतो; शीर्षकांवरून आपोआप तयार केलेली यादी समासात रोमन कचरा म्हणून उमटते.

दुवा मात्र चालतो! आयताला खालची अक्षरं वाचायचीच नसतात. संगणकाला ज्या पानातलं एक अक्षर कळत नाही, त्या पानावरचा दुवा बिनचूक नेमक्या कथेवर नेतो. मराठी प्रकाशनांच्या जुन्या फाइल्स ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी हे मनावर घ्यायला हवं. सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःची जागा देणाऱ्या मानकात, आणणं हे मोठं, खर्चाचं आणि पुन्हा मुद्रितशोधन करायला लावणारं काम आहे. अनुक्रमणिकेवर आयत ओढणं हे एका बैठकीचं काम. साडेतीनशे पानांचा अंक फोनवर बोटाने सरकवत बसणारा वाचक तेवढ्यानेही सुखावतो. इनडिझाइनने २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीत देवनागरी युनिकोडची नीट सोय केली. नवा मजकूर तरी तेव्हापासून जुन्या फाँटांत अडकायचं कारण उरलं नाही.

आता सुरुवातीच्या त्या कोऱ्या चौकोनाकडे. छापखान्याला जाणाऱ्या पीडीएफसाठी पीडीएफ/एक्स हा आंतरराष्ट्रीय मानकांचा गट आहे. प्लेटवर अनपेक्षित काही उमटू नये म्हणून त्याच्या प्रचलित आवृत्त्या छापायच्या क्षेत्रात दुव्याची टाचणं ठेवू देत नाहीत. छपाईच्या बाजूने हा नियम रास्तच आहे. म्हणून इनडिझाइनमधल्या छपाईच्या तयार सेटिंगांत हायपरलिंकचा चौकोन कोरा असतो. आपल्याकडे अंक छापखान्यात गेला की तीच फाइल, कापणीच्या खुणांसकट, कधी जोडपानांसकट, वाचकांना पाठवली जाते. दुवे कोणी काढून टाकलेले नसतात. त्या फाइलमध्ये ते ठेवण्याचा बेतच नसतो. एकाच मांडणीतून दोन पीडीएफ काढाव्यात, एक छापखान्यासाठी, एक पडद्यासाठी. दुसरी काढायला काही मिनिटं लागतात, आणि वर्षभर राबून केलेला अंक तेवढ्या मिनिटांचा हकदार नक्कीच आहे.

मराठी पत्त्यांचा एक प्रश्न तेवढा राहतो. पीडीएफच्या नोंदीत वेबचा पत्ता मूळच्या १२८ रोमन चिन्हांतच लिहिण्याचा संकेत आहे. देवनागरीचा प्रत्येक वर्ण युनिकोडच्या वेबवर चालणाऱ्या रूपात तीन बाइट घेतो, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन रोमन आकडे-अक्षरं असा लिहिला जातो. ‘मराठी’ या शब्दात काने-वेलांट्या धरून पाच वर्ण. त्याची ४५ चिन्हं होतात. मराठी विकिपीडियावरच्या लेखाचा पत्ता अंकाच्या दोन-स्तंभी पानात तसाच छापला, तर तो तीन-चार ओळी खातो. त्यातच वाचणारं सॉफ्टवेअर छापील पत्ता ओळखून आपोआप दुवा करू पाहतं, तेव्हा पुष्कळदा पहिली ओळच पकडतं आणि वाचक अर्धवट पत्त्यावर जाऊन धडकतो. पीडीएफच्या १.६ आवृत्तीपासून एका दुव्याला अनेक तुकडे देता येतात, ओळ मोडली तरी प्रत्येक तुकडा त्याच ठिकाणी नेतो. त्यासाठी मांडणी करणाऱ्याने पूर्ण पत्ता दुव्यात घालावा आणि पानावर फक्त लेखाचं मराठी नाव ठेवावं. सोबत छापील अंकाच्या वाचकासाठी, त्याला टाइप करता येईल असा आखूड पत्ता तळटिपेत द्यावा.