रक्ताच्या कर्करोगावरील अस्थिमज्जा प्रत्यारोपण : अपयशाच्या नोंदींचा इतिहास

प्रास्ताविक

वैद्यकशास्त्राचा इतिहास सामान्यतः शोधांच्या आणि पारितोषिकांच्या सनावळीतून सांगितला जातो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची कथाही 1990 साली ई. डॉनल थॉमस यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकाच्या प्रकाशात वाचण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत निबंधात याच उपचारपद्धतीकडे दुसऱ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ही पद्धती ज्या नोंदींवर उभी राहिली त्या प्रामुख्याने मृत्यूच्या नोंदी होत्या आणि त्या दडवून न ठेवता प्रसिद्ध केल्या गेल्या, ही बाब येथे मध्यवर्ती मानली आहे.

प्रयोगशाळेपासून रुग्णशय्येपर्यंत

या संशोधनाला चालना मिळाली ती कर्करोगामुळे नव्हे, तर अणुबॉम्बमुळे. 1945 नंतर किरणोत्सर्गाने रक्तनिर्मिती का थांबते, हा प्रश्न ऐरणीवर आला. 1949 मध्ये लिऑन जेकबसन यांना असे आढळले की, प्लीहेला शिशाचे आवरण दिल्यास प्राणघातक किरणमात्रा मिळूनही उंदीर जगतात. 1951 मध्ये एगॉन लॉरेन्झ व सहकाऱ्यांनी मज्जा टोचूनही तोच परिणाम साधला. मग इंग्लंडमध्ये बार्न्स आणि लाउटिट यांनी 1956-57 च्या सुमारास ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर किरणोपचार करून त्यांना मज्जा दिली. परक्या वंशाच्या उंदरांची मज्जा मिळालेल्या उंदरांमधील रोग हटला, परंतु ते क्षीण होत जाऊन मेले. या निरीक्षणात पुढील अर्धशतकाचा सारा पेच सामावलेला होता, असे आज म्हणता येते. दात्याच्या ज्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात, त्याच पेशी उरल्यासुरल्या कर्करोगाचाही नाश करतात.

1957 मध्ये थॉमस यांनी न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाऊन या छोट्या गावातून सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शिरेतून दिलेली मज्जा त्यांपैकी दोघांतच, आणि तीही तात्पुरती रुजली. शंभर दिवसांपलीकडे कोणीही जगले नाही. त्यानंतर जुळ्या बहिणीची मज्जा दिलेल्या ल्युकेमियाच्या रुग्णांत रक्तनिर्मिती पूर्ववत झाली, मात्र काही महिन्यांतच रोग परतला. नुसती किरणमात्रा रोग निपटून काढण्यास पुरेशी नाही, एवढे यावरून सिद्ध झाले.

निराशेचे दशक

1958 मध्ये युगोस्लाव्हियातील विंचा येथील अणुभट्टीत अपघात झाला. बाधित शास्त्रज्ञांवर जॉर्ज माते यांनी पॅरिसमध्ये मज्जारोपण केले आणि या पद्धतीविषयी आशा वाढली. ती फार टिकली नाही. पन्नास व साठच्या दशकांतील सुमारे 200 प्रत्यारोपणांचा आढावा मॉर्टिमर बॉर्टिन यांनी 1970 मध्ये घेतला, तेव्हा जवळजवळ सर्व रुग्ण दगावलेले होते. अनेक संशोधकांनी हे क्षेत्र सोडले. थॉमस मात्र कुत्र्यांवरील प्रयोगांकडे परतले. दरम्यान ज्याँ दोसे यांनी 1958 मध्ये वर्णिलेल्या ऊतींच्या खुणांवरून दाता व रुग्ण यांची जुळणी तपासणे शक्य होत गेले. 1968 मध्ये रॉबर्ट गुड यांनी प्रतिकारशक्तीच्या जन्मजात अभावावर बहिणीच्या मज्जेने यश मिळविले, आणि 1969 मध्ये सिॲटल येथे थॉमस यांनी जुळत्या भावंडांच्या मज्जेने ल्युकेमियाचे उपचार पुन्हा आरंभिले.

सिॲटलच्या गटाने 1977 मध्ये, अन्य सर्व उपचार थकलेल्या 100 रुग्णांची हकीकत छापली. त्यांपैकी 13 जण दीर्घकाळ रोगमुक्त राहिले. मरणासन्न रुग्णांवरच उपाय करावयाचा, हा तोवरचा संकेत नैतिकदृष्ट्या समर्थनीय होता, पण त्यामुळे उपायाचीच परीक्षा चुकीच्या वेळी होत होती. 13 जणांच्या जगण्याने हा संकेत बदलण्याचे बळ दिले. रोग पहिल्यांदा आटोक्यात येताच प्रत्यारोपण करण्याचे प्रयत्न झाले व निष्कर्ष पुष्कळच सुधारले. उरलेल्या 87 जणांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. (आपल्या विद्यापीठीय विश्वात फसलेल्या प्रयोगावर शोधनिबंध छापून येणे किती दुर्मीळ आहे, याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.)

मुंबईतील प्रारंभ

भारतातील पहिले प्रत्यारोपण 20 मार्च 1983 रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात एका नऊ वर्षांच्या मुलीवर झाले. तिला तीव्र ल्युकेमिया होता आणि मज्जा तिच्या भावंडाची होती. हे प्रत्यारोपण करणारे डॉ. सुरेश अडवाणी यांनी सिॲटलमध्ये थॉमस यांच्याकडेच प्रशिक्षण घेतले होते. पुढे 1986 पासून वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातही हे काम सुरू झाले.

सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक असते. चार-पाच भावंडांच्या घरात दाता सापडणे तुलनेने सोपे होते. एक-दोन अपत्यांच्या कुटुंबात मात्र तो सापडेलच असे नाही, आणि मग अनोळखी दात्याच्या नोंदवहीकडे किंवा अर्धी जुळणी असलेल्या आई-वडिलांकडे वळावे लागते.