विधिप्रत्यक्षार्थवाद

कायदा कोणता, हे त्याच्या उगमावरून ठरते, नैतिक गुणावरून नव्हे, असे मानणारी विचारसरणी. जॉन ऑस्टिनने (१७९०–१८५९) कायद्याला सार्वभौमाची आज्ञा म्हटले. एच. एल. ए. हार्टने १९६१ मध्ये आज्ञेच्या जागी समाजमान्य नियमांची व्यवस्था आणली.

कायद्याचा आधार उगम की नीती, हा वाद मुंबईत रखमाबाई खटल्याने घरोघरी नेला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये उच्च न्यायालयात सहवासाचा दावा लावला. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. बाईला मनाविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांना रानटी वाटले. त्यांचे दुसरे कारण मात्र सहसा विसरले जाते : असा दावा मूळचा इंग्रजी धर्मन्यायालयांतला, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही. म्हणजे नीतीबरोबर उगमाचाही युक्तिवाद होताच. अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जाण्याचा हुकूम दिला. न मानल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. समाजसुधारक बेहरामजी मलबारी त्यांच्या पाठीशी राहिले, ‘केसरी’ वृत्तपत्राने दादाजींची बाजू घेतली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

हार्टच्या दृष्टीने असा हुकूम कायदाच ठरेल, पण तो पाळावा की नाही हा वेगळा, नैतिक प्रश्न. हार्टचा टीकाकार रोनाल्ड ड्वॉर्किन याच्या मते मात्र नैतिक तत्त्वेही कायद्याचा भाग असतात. त्या अंगाने पिन्हे अधिक कायद्याला धरून होते, असे म्हणता येते. सहवासाच्या दाव्याची तरतूद पुढे हिंदू विवाह अधिनियमाच्या (१९५५) कलम ९ मध्ये आली.