मीटर वर गेले, त्याची गोष्ट

मुलुंडची वीज बाकीच्या उपनगरांसारखी नाही, हे नव्याने राहायला आलेल्यांना बिल हातात पडल्यावरच कळते. अंधेरीला आधी बीएसईएस, मग रिलायन्स, आता अदानी. भांडुप-मुलुंडला मात्र वीज मंडळ आणि जून २००५ पासून महावितरण. (जुनी मंडळी अजून 'एमएसईबीचं बिल'च म्हणतात, म्हणू द्या.)

नाव बदलून दोन महिनेही झाले नव्हते, तोच २६ जुलै आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. आपली मीटररूम तेव्हा जिन्याखाली, अंगणापेक्षाही खोल. पाणी दारात दिसताच तळमजल्यावरच्या काकांनी मेन स्विच पाडला. "आणखी दहा मिनिटं थांबलो असतो, तर आत पाय ठेवता आला नसता," असं ते नंतर म्हणाले. खालच्या रांगेतले मीटर रात्रभर पाण्यात होते.

जनरल बॉडीत मात्र खर्चावरून जुंपली. "आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आमचा काय संबंध?" "अहो, तुमचाही मीटर खालीच आहे ना!" मीटर कंपनीचे, त्यांचे सील आपण तोडायचे नाही, पण जागा बदलायचा खर्च आपला आणि मीटरपासून घरापर्यंतची वायरही आपलीच. अर्ज, एस्टिमेट, लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट, सगळे झाले. शेवटी गेटजवळ उंच ओटा बांधून मीटर तिथे नेले.

जिन्याखाली आता मुलांच्या सायकली असतात. भिंतीवरची पाण्याची रेघ मागच्या रंगकामात गेली.