प्रवाळ मत्स्यालय

प्रवाळ मत्स्यालय म्हणजे समुद्राच्या पाण्यासारखे खारे पाणी काचेच्या टाकीत कृत्रिमरीत्या राखून त्यात जिवंत प्रवाळ वाढवण्याचे मत्स्यालय होय. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयापेक्षा ते बरेच खर्चिक असते. त्यामुळे प्रवाळ स्वस्तात कसे मिळवावे, हा या छंदातला नेहमीचा प्रश्न आहे. भारतात मात्र हा प्रश्न किमतीच्या आधी कायद्याचा ठरतो. जगभरातील छंदिष्टांच्या टाक्यांत आढळणाऱ्या प्रवाळांपैकी मोठा गट येथे संरक्षित असून त्याची खरेदी-विक्री हा गंभीर गुन्हा आहे.

प्रवाळाला मराठीत पोवळे असेही म्हणतात. सराफाकडील लाल पोवळे हा मुख्यतः भूमध्य समुद्रातील एका प्रवाळाचा सांगाडा असतो. मत्स्यालयात वाढवले जाणारे प्रवाळ त्याहून निराळे आहेत.

जीवशास्त्र

प्रवाळ हा वनस्पती नसून प्राणी आहे. जेलीफिश आणि समुद्रफूल यांच्याच संघात तो मोडतो. उथळ पाण्यातील बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशात अन्न तयार करते आणि त्याचा मोठा वाटा यजमानाला मिळतो. पाणी फार तापले की हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर फेकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. टाकीतही हेच घडते. म्हणून प्रकाश आणि तापमान या दोन गोष्टींत केलेली काटकसर सहसा अंगाशी येते.

चुन्याचा कठीण सांगाडा बांधणारे ते कठीण प्रवाळ. सलग सांगाडा न बांधणारे ते मऊ प्रवाळ. मत्स्यालयाच्या भाषेत झोअँथस आणि छत्रीसारखे मशरूम प्रवाळ यांनाही मऊ प्रवाळांतच धरतात, जरी शास्त्रीय वर्गीकरणात ते वेगळ्या गणांत येतात.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळांचा समावेश झाला. भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना तिने वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. मेलेला प्रवाळ अथवा त्याचा सांगाडाही यातून सुटत नाही. त्यामुळे भित्तीवरून फोडून आणलेला ‘जिवंत खडक’, जो परदेशांत टाकीचा पाया मानला जातो, तो भारतात विकत घेणे धोक्याचे आहे. त्याऐवजी सिमेंट अथवा सिरॅमिकचे कृत्रिम खडक वापरता येतात. काही आठवड्यांत त्यांवर आवश्यक जिवाणू वाढतात.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले, तर विजयदुर्गच्या पश्चिमेस भर समुद्रात आंग्रिया बँक ही बुडालेली भित्ती आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथे प्रवाळ आढळले, तेव्हा अवघ्या १८ वसाहती हलवण्यासाठीही महापालिकेला वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली २०२० मध्ये हे स्थलांतर झाले. किनाऱ्यावर फिरताना उचललेला तुकडा ‘फुकटचा’ नसतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आयात केलेल्या प्रवाळाचेही सोपे नाही. कठीण प्रवाळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. ‘परदेशातून आलेला आहे’ या विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला कागदपत्रांविना काही अर्थ नाही, आणि पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळांचा संपूर्ण गणच असल्याने मूळ देश कोणता, या मुद्द्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. आयातीवरील बाजार भरवशाचाही नसतो: मोठा निर्यातदार असलेल्या इंडोनेशियाने २०१८ मध्ये निर्यात थांबवली आणि ती २०२० मध्ये पुन्हा सुरू केली.

कमी खर्चात प्रवाळ मिळवणे

वरील गट वगळल्यास चामडी प्रवाळ, झेनिया, झोअँथस आणि मशरूम प्रवाळ उरतात. सुदैवाने हेच प्रवाळ सर्वांत चिवट, झपाट्याने वाढणारे आणि म्हणून स्वस्त असतात. वाढत्या वसाहतीचा कापलेला तुकडा ‘फ्रॅग’ म्हणून ओळखला जातो. चामडी प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा धारदार पात्याने कापून लहान दगडावर बसवला की काही आठवड्यांत तो चिकटतो. झोअँथसचा तुकडा सायनोअॅक्रिलेट गोंदाने चिकटवतात. झेनिया तर स्वतःहूनच पसरतो. काही टाक्यांत तो आवरणे हीच अडचण होते.

पूर्ण वसाहतीऐवजी फ्रॅग घेतल्यास खर्च घटतो. दुसऱ्याच्या टाकीत वाढलेला तुकडा कृत्रिम प्रकाशाला आणि कृत्रिम पाण्याला आधीच सरावलेला असतो, हा आणखी मोठा फायदा. समुद्रातून नुकताच काढलेला प्रवाळ प्रवासात आणि नव्या टाकीत अधिक मरतो. छंदिष्टांमध्ये फ्रॅगांची अदलाबदल होते ती यामुळेच. घेण्यापूर्वी प्रवाळ विक्रेत्याच्या टाकीत उमललेला पाहावा. मिटलेला, कडेने विरघळणारा अथवा वास येणारा तुकडा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. घरी आणल्यावर परजीवी आणि चपटे कृमी यांसाठी तो वेगळ्या भांड्यात काही दिवस ठेवणे इष्ट असते.

टाकी तयार नसताना प्रवाळ आणणे हा सर्वांत सर्रास होणारा अपव्यय आहे. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

समुद्रापासून दूरच्या शहरांत

छत्रपती संभाजीनगर शहरातील औरंगपुरा, गुलमंडी या मध्यवर्ती बाजारपेठांपासून मुंबईचा किनारा रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. अशा ठिकाणी समुद्राचे पाणी आणणे व्यवहार्य नसते. पाणी घरीच तयार करावे लागते. समुद्राची क्षारता दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम धरल्यास १०० लिटरच्या टाकीला साडेतीन किलोच्या आसपास मत्स्यालयी मीठ लागते, आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलल्यास सुमारे ३५० ग्रॅम. खाण्याचे मीठ येथे चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे घटक पुरेसे नसतात.

मीठ ज्यात विरघळवायचे ते पाणी आरओ यंत्राचे असावे. कूपनलिकेच्या कठीण पाण्यातील नायट्रेट आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन दोन्ही घातक ठरतात. घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी सांडते. जायकवाडी धरणावर अवलंबून असलेल्या आणि नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी मिळणाऱ्या या शहरात तो खर्च केवळ पैशांचा नाही. सांडलेले पाणी धुण्या-पुसण्यास वापरता येते.

टाकीचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो. शीतयंत्र महाग असते आणि वीजही खाते. परंतु कोरड्या हवेचा येथे उपयोग होतो: कूलरच्याच तत्त्वाने, पाण्याच्या पृष्ठभागावर सोडलेला लहान पंखा तापमान काही अंशांनी खाली आणतो. दमट मुंबईत हाच उपाय कमी पडतो. बाष्पीभवनाने उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून घट रोज गोड्या आरओ पाण्याने भरून काढतात. ती खाऱ्या पाण्याने भरल्यास क्षारता चढत जाते. भारनियमनाच्या काळात प्रवाह चालू ठेवण्यासाठी बॅटरीवरील हवेचा पंप जवळ असणे आवश्यक आहे.

सुरक्षितता

झोअँथस आणि विशेषतः पॅलिथोआ यांच्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ते कापताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि हाताला जखम असल्यास हे काम करू नये. असे प्रवाळ चिकटलेला खडक उकळणे अथवा गरम पाण्याने धुणे विशेष धोक्याचे आहे. वाफेतून हे विष श्वासावाटे शरीरात जाऊन घरातील सर्वांना विषबाधा झाल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. जास्त झालेले प्रवाळ खाडीत अथवा समुद्रात सोडू नयेत. परकी जात आणि तिच्यासोबतचे रोग स्थानिक किनाऱ्यावर पसरू शकतात.